फड जागतिक वारसा होईल का? आपलं शिवार आधी असं तपासा

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत 'भारताचे मराठा लष्करी भूप्रदेश' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातल्या बारा किल्ल्यांपैकी साल्हेर आमच्या बागलाण तालुक्यातला. तेव्हापासून मोसम खोऱ्यातली तरुण पोरं मला विचारतात, "नाना, साल्हेर झाला. आता आपला फड कधी?" मी फडावर, म्हणजे नदीचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या आमच्या जुन्या सिंचनपद्धतीवर वाढलो, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, आणि निवृत्तीनंतर या वारशाच्या कागदपत्रांचा नाद लागला, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. फोनवर त्याचं उत्तर होत नाही. तेव्हा जरा बैजवार लिहितो: शेतीच्या एखाद्या परिसराला जग वारसा म्हणून का मानतं, आणि आपलं शिवार त्या कसोटीला उतरतं का, हे आपल्याच पायांनी कसं तपासायचं.

आधीच सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. यादीत आज भारताची ४४ स्थळं आहेत आणि त्यात शेतीसाठी ओळखलं जाणारं एकही नाही. वाट बंद नाही, पण मळलेलीही नाही.

यादी नेमकं काय मागते

जागतिक वारशाचा करार १९७२ चा. पुढची वीस वर्षं त्यात दोनच खाने होते: एकीकडे देवळं, किल्ले, राजवाडे आणि दुसरीकडे जंगलं, डोंगर, प्रवाळ. शेत कुठेच बसेना. माणसाने केलेलं म्हणून ते निसर्ग नाही, आणि घुमट-कमानी नाहीत म्हणून स्मारकही नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे इथे झालेल्या बैठकीत 'सांस्कृतिक भूदृश्य' हा प्रकार मान्य झाला. माणूस आणि जमीन यांनी मिळून घडवलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात तीन पोटप्रकार आहेत. मुद्दाम आखलेल्या बागा हा एक. श्रद्धेमुळे किंवा कथांमुळे मोठी झालेली जागा हा दुसरा. पिढ्यानपिढ्या काम करता करता घडत गेलेली जागा हा तिसरा, आणि त्यातही काही थांबलेल्या, काही अजून चालू. फड, डोंगरउतारावरची भातखाचरं, कोकण-गोव्यातल्या खारजमिनी, हे सगळं या 'अजून चालू' गटातलं. आपला परिसर कुठल्या गटात पडतो हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. नाहीतर गावातला जुना वाडा, यात्रेचा देव आणि धरण, तिन्ही एकाच अर्जात कोंबायचा मोह होतो.

मग निकष. ते दहा आहेत, त्यातले पहिले सहा संस्कृतीचे. शेतीचा प्रस्ताव बहुधा पाचव्यावर उभा राहतो. तो म्हणतो, पारंपरिक वस्तीचं किंवा जमीन वा समुद्र वापरण्याच्या पारंपरिक पद्धतीचं असाधारण उदाहरण हवं, विशेषतः न परतणाऱ्या बदलांपुढे जे नाजूक झालं आहे असं. हा शेवटचा भाग लोक वाचतच नाहीत. पद्धत अडचणीत आहे म्हणून ती आपोआप बाद होत नाही. पण ती दिसली पाहिजे, चालली पाहिजे, आणि तिचं वेगळेपण साऱ्या जगाला पटेल असं मांडता आलं पाहिजे. याला ते 'असाधारण वैश्विक मूल्य' म्हणतात. पोरांना मी सांगतो, हे तीन शब्द अर्जाच्या पहिल्या पानावर लिहू नका, सरकारी कागदात ते पुरेसे वेळा येतात. त्याऐवजी पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं ते लिहा.

वय आणि देखावा बाजूला ठेवा

गावातल्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जण म्हणतात, आमचं फार जुनं आहे. दहावा म्हणतो, आमच्याकडे फोटो फार छान येतो. या दोन्ही मुद्द्यांवर फिलिपिन्समधल्या इफुगाओ डोंगरांतली भातखाचरं बघून घ्यावीत. ती १९९५ मध्ये यादीत गेली, आणि 'अजून चालू' प्रकारातलं ते पहिलं मोठं नाव. बाटाड, बांगान, मायोयाव, हुंगदुआन आणि नागाकादान असे त्यात पाच भाग आहेत.

आता गंमत बघा. पर्यटक ज्या बानावेच्या कट्ट्यावर उभे राहून फोटो काढतात, आणि ज्या बानावेच्या खाचरांचं चित्र फिलिपिन्सच्या वीस पेसोच्या नोटेवर छापलं, ती खाचरं या पाच भागांत नाहीत. तिथे नव्या बांधकामांनी जागा खाल्ली होती. नोटेवर छापण्याइतका देखणा देखावा यादीबाहेर राहिला आणि पायी जावं लागतं ते बाटाड आत गेलं.

वयाचंही तसंच. ही खाचरं दोन हजार वर्षांची आहेत असं कित्येक वर्षं सांगितलं जात होतं, अजूनही फलकांवर दिसतं. स्टीफन आकाबाडो या पुरातत्त्वज्ञाने तिथल्या मातीतले नमुने तपासून म्हटलं की पाण्यातल्या भाताची ही खाचरं सुमारे चारशे वर्षांपूर्वीची असावीत, स्पॅनिश आल्यावर लोक डोंगरात वर सरकले तेव्हाची. वाद अजून चालू आहे. पण त्या खाचरांचं मोल दोन हजार या आकड्यावर टांगलेलं नव्हतं. ते होतं पुढच्या साखळीवर: डोंगरमाथ्यावर घराघराने राखलेलं जंगल, त्याला ते मुयोंग म्हणतात. त्या जंगलात मुरलेलं पाणी खालच्या खाचरांत. खाचरांत तिनावोन, म्हणजे वर्षातून एकदाच येणारं त्यांचं जुनं भात. पेरणी-कापणीला म्हाताऱ्या बायका म्हणतात ती हुदहुद गाणी. जंगल तोडलं तर खाचर सुकतं, भाताची जात बदलली तर सणांचं वेळापत्रक मोडतं. एक कडी काढली की दुसरी हलते.

म्हणून तुमच्या वहीत पहिल्या पानावर 'किती जुनं' हा प्रश्न नको. 'काय काढलं तर काय पडेल' हा हवा.

पाण्यामागे चाला

आता फडाकडे येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तापी खोऱ्यातल्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तीनचारशे वर्षांपासून गावकऱ्यांनी चालवलेली ही सिंचनाची पद्धत. नदीत थोड्या थोड्या अंतरावर बंधारे. बंधाऱ्याच्या बगलेतून कालवा निघतो, कुठे दोन किलोमीटर, कुठे दहा-बारा. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. जास्तीचं पाणी सांडमांतून पुन्हा नदीला, म्हणजे खालच्या बंधाऱ्याला. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले, त्या एकेकाला फड म्हणायचं. कुठे दहा हेक्टरचा, कुठे दोनशेचा.

तपासणी करायची तर दिवाळीनंतर, रब्बीचं पाणी सुटल्यावर बाहेर पडा. भूमी अभिलेख कार्यालयातून गटांचा नकाशा आणा आणि त्याच्या झेरॉक्स काढा, मूळ प्रत शिवारात नेऊ नका. बंधाऱ्यापासून सुरुवात करा आणि पाणी जिकडे जाईल तिकडे चालत राहा. मोटरसायकल गावात ठेवा. गाडीवरून चारी दिसते, चारीतली फट दिसत नाही. प्रत्येक फाट्यावर थांबून नकाशावर खूण करायची: इथे पाणी वाटतं, इथे सांडम आहे, इथून पुढे चारी बुजवून रस्ता केला आहे. बुजवलेलं लपवू नका. तपासायला येणारा माणूस पहिल्यांदा तेच शोधतो.

चालताना बरोबर जुना पाटकरी हवा. पाटकरी म्हणजे गावाने नेमलेला, पाणी सोडणारा माणूस. त्याच्या जोडीला जागल्या असे, उभ्या पिकाची राखण करणारा, आणि कालव्यावर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे. पुस्तकात सापडत नाहीत अशा गोष्टी याच माणसांकडे असतात. माझ्या लहानपणी आमच्या फडाच्या पाटकऱ्याकडे घड्याळ नव्हतं. तो चारीच्या तोंडाशी उकिडवा बसायचा, फावड्याने दोन ढेकळं सरकवायचा आणि सारंगातल्या पाण्यावर वाळलेलं पान सोडायचा. पान शेवटच्या वाफ्याशी पोचलं की उठायचा. शेत कोणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. पाटलाचं असलं तरी पान पोचेपर्यंतच पाणी. असं काही तुमच्या गावात कोणी सांगितलं तर ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच आवाजात मोबाइलवर टिपून घ्या, आणि त्याच दिवशी फाइलला गावाचं, बंधाऱ्याचं नाव द्या.

आणि फडाचा गाभा विसरू नका. एका फडात एकच पीक. शंभर खातेदार असले तरी त्या वर्षी तो फड उसाचा ठरला तर सगळ्यांचा ऊस. दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, एखादा पडीक. कुठल्या फडात काय, हे बैठकीत ठरायचं. यामागे हिशेब आहे. पीक एक असलं की पाण्याची पाळी एक, त्यामुळे पाटकऱ्याला चारी एकदाच उघडावी लागते. राखण सगळ्या फडाची मिळून, त्यामुळे शेताशेताला कुंपण नको. आणि पाणी कमी पडलं तर एखादा फडच्या फड सोडून द्यायचा. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून तोटा सगळ्यांना थोडा थोडा, कालव्याच्या शेपटाला, म्हणजे टोकाला असलेल्या एकट्याला नाही. सरकारी कालव्यावर उभी नोकरी काढलेला माणूस म्हणून सांगतो, शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचवणं याच्याइतकं अवघड काम सिंचनात दुसरं नाही. या लोकांनी ते जमिनीच्या आखणीतच सोडवून ठेवलं होतं.

कोण ठरवतं, आणि मोडलं तर काय होतं

जमिनीची आखणी हा अर्धा पुरावा. ठरवणारी व्यवस्था हा उरलेला अर्धा, आणि यात बालीइतका चांगला धडा नाही. तिथल्या सुबाक पद्धतीचा परिसर २०१२ मध्ये यादीत गेला, सुमारे १९,५०० हेक्टर. (त्याच बैठकीत आपला पश्चिम घाटही गेला, कास पठारासकट, पण तो निसर्ग म्हणून.) सुबाक म्हणजे एका बांधावरून पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. तिची हद्द गावाच्या हद्दीवर नाही, पाण्याच्या वाटेवर ठरते. तिचा प्रमुख निवडलेला असतो, नियम लिहिलेले असतात, आणि वेळापत्रक पाण्याच्या देवळांतून ठरतं. सगळ्यांत वर बातुर सरोवराचं देऊळ, पुरा उलुन दानु बातुर. देव, माणूस आणि निसर्ग यांच्यातल्या मेळाच्या त्यांच्या तत्त्वाला ते त्रि हित करण म्हणतात. या परिसराला तीन निकष लागले: तिसरा, पाचवा आणि सहावा.

मुलाच्या कुटुंबाबरोबर मी बालीतल्या जातिलुविहला गेलो होतो. सगळे वरच्या हॉटेलातून खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं बघत होते, मी बांधावर उतरलो. एका पाटाच्या फाट्यावर आडवा ओंडका टाकलेला होता, त्यात दोन खाचा. एक रुंद, एक अरुंद. मी वीत लावून पाहिली, रुंद खाच अरुंद खाचेच्या दुप्पट भरली. खाचांचा तळ मात्र एका पातळीत, त्यामुळे पाणी वाढो की घटो, वाटा बदलत नाही. फळी नाही, कुलूप नाही, चौकीदार नाही. ज्याची जमीन दुप्पट त्याला दुप्पट पाणी, आणि ते जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. असा एखादा ओंडका, दगड, खूण तुमच्या शिवारात असली तर तिचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. पन्नास पानी वर्णनापेक्षा तो कामाला येतो.

बालीच्या देवळांचं वेळापत्रक ही नुसती पूजा नाही, हे सिद्ध झालं वेळापत्रक मोडल्यावर. हरित क्रांतीच्या काळात सरकारने सांगितलं, नवं बियाणं लावा, जमेल तितक्या वेळा लावा, शेजाऱ्याची वाट बघू नका. काही वर्षांत कीड अनावर झाली आणि पाण्याची ओढाताण सुरू झाली. आधी शेजारशेजारच्या सुबाकांची शेतं एकाच वेळी कापून मोकळी राहायची, तेव्हा किडीला खायला काही उरत नसे. स्टीफन लान्सिंग या मानवशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमर यांच्याबरोबर संगणकावर नद्यांचं गणित मांडलं, तेव्हा देवळांच्या पद्धतीचा मेळ पाणी आणि कीड दोन्ही सांभाळण्याच्या जवळजवळ सर्वोत्तम उत्तराशी बसला.

हे उदाहरण मी एवढं लांबवलं कारण तुमच्या अर्जातलं सगळ्यांत वजनदार पान असंच असणार आहे. गावात विचारा: कुठल्या वर्षी नियम मोडला? मग काय झालं? पीक वाळलं, भांडण झालं, की काहीच झालं नाही? काहीच झालं नसेल तर तो नियम शोभेचा आहे, त्याला मध्यभागी बसवू नका. दंडाच्या नोंदी, बैठकीच्या वह्या, पाणीवाटपाचे कागद मिळतील तेवढे गोळा करा. जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज म्हणून नोंदवही आहे, गावातल्या पाण्याच्या आणि वहिवाटीच्या रूढी त्यात लिहिण्याची तरतूद आहे. तुमच्या गावाची अशी नोंद असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर ती करून घेण्याचा अर्ज देता येतो, आणि त्यासाठी युनेस्कोची परवानगी लागत नाही.

दुसऱ्यांशी तुलना

इथे बहुतेक हौशी प्रस्ताव पडतात. 'आमच्यासारखं जगात कुठेच नाही' हे वाक्य चालत नाही. जगात कुठे काय आहे ते मांडून, मग आपलं वेगळं काय ते दाखवावं लागतं. पाण्याच्या सामूहिक वाटपाची किती तरी नावं आधीच आत आहेत. ओमानचे अफलाज नावाचे पाट २००६ पासून, इराणचे कनात नावाचे भुयारी पाट २०१६ पासून, चीनची दुजियांगयानची जुनी सिंचनव्यवस्था २००० पासून, तिथलीच होंगहे हानींची भातखाचरं २०१३ पासून. स्पेनमधल्या वॅलेन्सियाचं पाणी-न्यायालय दर गुरुवारी चर्चच्या दाराशी बसतं, ते २००९ पासून अमूर्त वारशाच्या वेगळ्या यादीत आहे.

या रांगेत फड उभा केला तर काय वेगळं दिसतं? बंधारे जगभर आहेत. वेळेवर पाळी सोडणंही जगभर आहे. पण पिकाची निवडच सामूहिक, एका तुकड्यात एक पीक, फिरवून पडीक, आणि त्यातून टंचाईची समान वाटणी, हे इतकं ठसठशीत मला दुसरीकडे वाचायला मिळालं नाही. माझं मत विचाराल तर फडाचा दावा करायचा तो याच एका मुद्द्यावर करावा. बंधाऱ्याच्या चुन्याच्या बांधकामावर करू नये. त्याहून देखणे बंधारे पुष्कळ आहेत.

अजून जिवंत आहे का?

आता कटू भाग. यादीला दोन गोष्टी हव्यात: परिसर पुरेसा अखंड असावा, आणि जे सांगताय ते खरंच तसंच चालत असावं. मोसमवर हरणबारी धरण झालं, त्यामुळे नदीचं पाणी आता आवर्तनाने येतं. विहिरी, बोअर आणि पाइपलाइन आल्या. ज्याची स्वतःची बोअर आहे तो फडाच्या बैठकीला कशाला येईल? डाळिंब आलं. डाळिंबाला ठिबक लागतं, बाग दहा-पंधरा वर्षं उभी राहते, आणि फडाच्या फेरपालटात ती बसत नाही. शेतकऱ्याला यात दोष नाही, डाळिंबाने बागलाणात पक्की घरं उभी केली आहेत. पण आजघडीला मोसमवरचे बहुतेक फड नकाशावर दिसतात आणि बैठकीत दिसत नाहीत. जिथे बैठक होते, पाटकरी नेमला जातो, निदान एका फडात पीक ठरवून लावलं जातं, असा सलग पट्टा सापडला तरच पुढे जावं. दोन सुट्या बंधाऱ्यांवर प्रस्ताव होत नाही. बालीचाही पहिला प्रस्ताव २००८ मध्ये पुढे ढकलला गेला होता, आणि यादीत गेला तो सरोवर, देवळं आणि त्याखालच्या पाणलोटातली शेतं अशी एकत्र मोट बांधून.

बदल झालेला म्हणजे संपलेला असं मात्र नाही. इफुगाओची खाचरं २००१ मध्ये धोक्यातल्या यादीत गेली. पोरं शहरांकडे गेली होती, पाट फुटले होते, बांधांच्या भिंती ढासळत होत्या, मोठाली गांडुळं बांध पोखरत होती. २०१२ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. धोक्यातली यादी ही शिक्षा समजू नये, तिथे नाव गेलं की निदान कामाची फाइल हलते.

कागदाची वाट

ही थोडक्यात सांगतो, कारण गावाच्या हातात यातलं थोडंच आहे. प्रस्ताव देश पाठवतो, गाव नाही. भारतात त्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण बघतं. आधी नाव देशाच्या संभाव्य यादीत हवं, आणि तिथे निदान एक वर्ष काढावं लागतं. आता त्यात प्राथमिक मूल्यांकन ही नवी पायरी आली आहे, तिचे अर्ज १५ सप्टेंबरपर्यंत जातात. पूर्ण प्रस्ताव १ फेब्रुवारीपर्यंत, आणि एका देशाचा वर्षाला एकच. म्हणजे तुमचा फड देशातल्या प्रत्येक देवळाशी, किल्ल्याशी आणि जंगलाशी त्या एका जागेसाठी रांगेत आहे. सांस्कृतिक प्रस्ताव इकोमॉस ही तज्ज्ञांची संस्था तपासते, तिचा माणूस जागेवर येतो. साधारण दीड वर्षाने निर्णय. मराठा किल्ले संभाव्य यादीत २०२१ ला गेले, निर्णय २०२५ ला झाला, आणि त्यामागे राज्य आणि केंद्र दोन्ही सरकारं होती.

एवढी रांग बघून धीर सुटत असेल तर दुसरी दारं आहेत आणि ती शेतीसाठीच उघडलेली आहेत. जागतिक अन्न व कृषी संघटना २००२ पासून जगातल्या महत्त्वाच्या कृषी वारसा पद्धतींची नोंद करते. त्यात कोरापुटची शेती, काश्मीरचं केशर आणि समुद्रसपाटीखालचं कुट्टनाड आहे. सिंचन आणि निचऱ्याचा आंतरराष्ट्रीय आयोग शंभर वर्षांहून जुन्या सिंचन रचनांना वारसा म्हणून मान्यता देतो. आंध्र-तेलंगणातले काही जुने तलाव आणि बंधारे त्यात आहेत. फडाने पहिला धडा इथे गिरवावा असं मला वाटतं. पोरांना हे आवडत नाही, त्यांना युनेस्कोच हवं असतं.

गावाला आधी विचारा

वारसा झाला की पैसे येतील, हा समज ग्रामसभेतच मोडून काढा. युनेस्को कुणाच्या खात्यात अनुदान टाकत नाही आणि राखणीला पोलीसही पाठवत नाही. संरक्षण होतं ते आपल्याच कायद्याने, आपल्याच सरकारकडून. गाभ्याची हद्द आखावी लागते, भोवती राखीव पट्टा ठेवावा लागतो, आणि त्यात उद्या पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, बिनशेती प्लॉट यांवर बंधनं येतात. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या एल्ब खोऱ्याने नदीवर चार पदरी पूल बांधायचं ठरवलं आणि २००९ मध्ये यादीतून नाव घालवलं. तिथल्या लोकांनी मतदानात पूल निवडला होता, तो त्यांचा हक्क. तुमच्या गावालाही तो हक्क आहे, म्हणून आधी विचारायचं.

विचारताना बोअर असलेल्यांना बोलवा, नसलेल्यांनाही बोलवा, आणि बायकांना वेगळं बसवून विचारा. फडाच्या बैठकीत त्या नसायच्या, पण निंदणी, कापणी आणि रात्रीच्या पाण्याच्या वेळी कंदील धरणं, हे सगळं त्यांनीच केलं आहे. ज्याची डाळिंबाची बाग राखीव पट्ट्यात येणार त्याला समोर बसवून विचारा, मागून नको. युनेस्कोच्या नियमांतही स्थानिकांचा सहभाग, आणि आदिवासी समाजांची मोकळी, आधी घेतलेली, सगळं समजून दिलेली संमती अपेक्षित आहे. एका खेड्यात मी पाहिलंय, बाहेरच्या सल्लागाराने सुबक अहवाल छापला, फोटो सुरेख, आणि गावात एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्या बंधाऱ्यावर पुस्तक निघालंय. पुढे ते गाव आणि तो अहवाल, दोघंही जिथल्या तिथे राहिले.

होकार आला तर पहिलं काम संस्थेचं. २००५ च्या कायद्याखाली शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था नोंदवता येते. फडाची बैठक त्या संस्थेच्या पोटनियमांत घाला: पीक कसं ठरेल, पाटकरी कोण नेमेल, दंड किती. नियम कागदावर आले की बैठक न भरवणाऱ्याला विचारायला आधार मिळतो, आणि पुढे कुणी व्यवस्थापन आराखडा मागितला तर निम्मा तयार असतो. दुसरं काम, चाऱ्यांवरची अतिक्रमणं मोजून त्यांची यादी ग्रामपंचायतीला देणं. तिसरं, पाटकऱ्यांचे आवाज आणि खुणा केलेला नकाशा तीन ठिकाणी ठेवणं: एक प्रत संस्थेकडे, एक शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, कारण ग्रामसेवकाची बदली झाली की तो ठराव कुठल्या दप्तरात आहे हे सांगायला कुणी उरत नाही.